आधी कान, मग कानस

जाड काचेवर चिकटवलेला पॉलिश पेपर, त्यावर ठेवलेला चौदा इंची लाकडी स्नेअर ड्रम आणि त्याला गोल गोल फिरवणारे दोन हात. ती वीस मिनिटं प्रस्तुत लेखकाला अजून विसरता आलेली नाहीत. ड्रमच्या खालच्या काठावर समोरासमोर दोन जागी हलका खोलगटपणा होता. खोलीत अंधार करून आत टॉर्च लावला की काठ आणि काच यांच्यामधून नेमका तिथेच उजेड बाहेर यायचा. इतक्या वर्षांत लाकूड झिजलं असणार, असं त्याने गृहीत धरलं आणि उजेड यायचा थांबेपर्यंत काठ घासला. मग तोंडावर नवं पान चढवलं, तारा ताणल्या आणि काठी मारली. तारा सैल ठेवल्या तर नुसती खरखर, आवळल्या तर ड्रम मुका. मधली जागाच उरली नव्हती.

ती झीज नव्हती. जपानमधल्या कारखान्यात कुणीतरी ते दोन उतार मोजूनमापून काढले होते. स्नेअरच्या खालच्या पानाला बारीक स्प्रिंगसारख्या तारांची पट्टी लागून असते आणि तिची दोन्ही टोकं दोरीने किंवा फितीने काठावरून बाहेर नेऊन बांधलेली असतात. टोकांशी काठ जरासा उतरता असेल, तरच ताणलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पानाला सारखी बसते. काठ सगळीकडे सपाट असला की टोकं अधांतरी राहतात. या उतारांना ‘स्नेअर बेड’ म्हणतात. ज्याला दोष समजून घासून काढलं, तोच त्या ड्रमचा प्राण होता.

साठ-सत्तरच्या दशकातले जपानी ड्रम सेट आजही जुन्या घरांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांच्या गोदामांत सापडतात. ते दुरुस्त करता येतात, चांगले वाजूही शकतात. फक्त कामाचा क्रम नीट ठेवावा लागतो. प्रस्तुत लेखकाला तो क्रम नुकसान सोसून कळला. इतरांनी ते सोसू नये, म्हणून हा प्रपंच.

बिल्ला एकाचा, खोड दुसऱ्याचं

लेखकाच्या हाती आलेला सेट गोव्यातला, सासष्टी तालुक्यातल्या एका घरातला. मूळ मालक तरुणपणी जहाजावरच्या वाद्यवृंदात वाजवायचे आणि कोबे बंदरात मुक्काम असताना त्यांनी तो विकत घेतला होता. पुढे हा सेट त्यांच्याबरोबर मुंबईला आला. धोबीतलाव परिसरातल्या गोवेकरांच्या कुडांमध्ये त्या काळी खलाशी आणि वादक एकाच छपराखाली राहत. हिंदी सिनेसंगीताला सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक देणारा गोवेकर समाज तो हाच. त्यामुळे सेटने जहाजावरचा जॅझही वाजवला होता, लग्नांतले वॉल्ट्झही वाजवले होते. बेस ड्रम बावीस इंची, टॉम तेरा इंची, फ्लोअर टॉम सोळा इंची आणि जोडीला चौदा इंची स्नेअर. बिल्ल्यावरचं नाव मात्र कुठल्याच कारखान्याचं नव्हतं.

त्यामागे एक इतिहास आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेत ‘एड सुलिव्हन शो’मध्ये झळकले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी रिंगो स्टारला लुडविगच्या काळ्या मोतिया सेटमागे बसलेलं पाहिलं. घरोघरच्या मुलांना ड्रम हवे झाले. अमेरिकी कंपन्यांचे सेट महाग होते, मागणीही त्यांना पुरवता येईना. ती जागा जपानने भरली.

टोकियोच्या सुमिदा भागात कात्सुमी यानागिसावा यांनी १९४६ मध्ये नोटेशनचे कागद ठेवायचे स्टँड बनवायला सुरुवात केली होती. १९५० मध्ये ते ड्रमकडे वळले आणि त्यांची कंपनी ‘पर्ल’ नावाने जगाला माहीत झाली. १९६१ मध्ये त्यांनी चिबामध्ये मोठा कारखाना घातला. नागोयाच्या होशिनो कंपनीने १९६५ मध्ये ‘स्टार’ नावाने ड्रम आणले. १९७४ पासून त्यांचं नाव ‘तामा’ झालं. यामाहा ड्रमच्या धंद्यात उतरली ती १९६७ मध्ये, आणि तिच्यासाठी खोडं घडवत होती ओसाकातली १९२५ पासूनची ‘साकाए’. याशिवाय परदेशी आयातदार आपल्याला हवं ते नाव टाकून जपानमधून सेट मागवत. स्टुअर्ट, अपोलो, मॅजेस्टिक ही अशीच नावं. या सेटना जाणकार ‘स्टेन्सिल सेट’ म्हणतात. बिल्ला पाहून कारखाना ओळखता येत नाही. लगचा, म्हणजे खोडावर बसवलेल्या आणि बोल्ट धरणाऱ्या तुकड्याचा, आकार, टॉमचा स्टँड आणि खोडाची आतली बांधणी पाहून अंदाज करावा लागतो.

खोड हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. तबल्याचं, पखवाजाचं जसं खोड, तसंच ड्रमचं. फरक इतकाच की तबल्याचं खोड अखंड लाकूड पोखरून काढतात आणि ड्रमचं पातळ थर वाकवून, एकावर एक चिकटवून करतात. स्वस्त जपानी सेटांत बहुधा लाउआन वापरलेलं असे. बाजारात त्याला ‘फिलिपाइन महोगनी’ म्हणत, पण खऱ्या महोगनीशी त्याचं नातं नाही. ते आपल्या साल वृक्षाच्या कुळातलं. लाकूड हलकं, मऊ, लांब रेषांचं. तीन पातळ थर आणि वर-खाली आतून मजबुतीसाठी एकेक लाकडी कडं, अशी नेहमीची बांधणी. लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, त्यांवर क्रोमचा पातळ मुलामा. पान दाबून धरणाऱ्या वरच्या रिंगा पातळ पत्र्याच्या, दाबून घडवलेल्या.

एवढं वाचून हे सामान टाकाऊ वाटेल, तर तसं नाही. तामाच्या इम्पीरियलस्टार मालिकेची खोडंही फिलिपाइन महोगनीचीच होती, फक्त ती नऊ थरांची. आणि ‘द पोलीस’ बँडचा स्टुअर्ट कोपलंड तोच सेट वाजवायचा. लाकूड हलकं म्हणून आवाज हलका, हे गणित चुकीचं आहे. पातळ लाउआनच्या खोडाचा सूर खालचा, ऊबदार आणि लवकर विरणारा असतो. ज्याला तो हवा आहे त्याला तो दुसरीकडे सहज मिळत नाही.

थिनरचा बोळा

स्नेअरच्या आधी एक नुकसान झालं होतं. सेटवर चमचमत्या लाल रंगाचं प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि त्यावर जुन्या चिकटपट्टीचे डाग. घरात रंगकामातलं थिनर होतं. कापसाचा बोळा त्यात बुडवून डाग पुसला, तेव्हा डागाबरोबर आवरणाची चकाकीही बोळ्यावर आली. फ्लोअर टॉमवर तळहाताएवढा धुरकट पट्टा कायमचा राहिला.

जुनी आवरणं सेल्युलॉइडसारख्या पदार्थांची असू शकतात. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांपैकी काहीही त्यांना लावू नये. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती फडकं पुरतं. चिकटपट्टीचा गोंद खोबरेल तेलाने मऊ होतो. थोडा वेळ थांबायची तयारी हवी. सुटलेलं आवरण पुन्हा बसवायला हीट गन तर मुळीच वापरू नये. नायट्रेट सेल्युलॉइड झटकन पेट घेतं आणि समोरचं आवरण नेमकं कशाचं आहे, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

क्रोमचंही तसंच. गंज काढायला सामान ॲसिडमध्ये बुडवून ठेवणारे लोक आहेत. मुलामा पातळ असला की ॲसिड त्याच्या बारीक भेगांतून खाली शिरतं, जस्त खातं आणि लगला खड्डे पडतात. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळला की रिंगांवरचा वरवरचा गंज निघतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे. लगना तर ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं एवढंच बास.

खोलण्याआधी ऐकायचं

दोन्ही चुकांचं मूळ एकच. सेट घरी आला त्या रात्रीच लेखकाने तो संपूर्ण खोलला. तो आधी कसा वाजत होता, हे त्याला आज सांगता येत नाही.

म्हणून पहिला दिवस फक्त ऐकण्याचा. पानं कितीही जुनी असोत, प्रत्येक ड्रम वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. मोबाइल दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. मग प्रत्येक बाजूने फोटो: आतून, लगच्या मागून, काठाच्या जवळून. कुठला बोल्ट कुठल्या लगचा, हे कागदावर लिहून सामान वेगवेगळ्या पिशव्यांत. शेवटचं काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यालाही कारण आहे. अमेरिकी पद्धतीच्या ड्रमवर बहुतेक ठिकाणी १२-२४ आट्याचे बोल्ट असतात, तर काही जपानी सेटांवर मेट्रिक आटे आढळतात. दोन्ही दिसायला सारखे. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि चावीने जोर केला की लगमधल्या मऊ नटाचे आटे जातात. नवा बोल्ट आधी बोटांनी फिरवून पाहावा. बोटांनी शेवटपर्यंत गेला तर तो त्या लगचा.

ऐकताना आणखी एक गोष्ट सापडते. पुष्कळदा वाईट वाजतो तो ड्रम नसतोच, त्यावरचं सामान वाजत असतं. जुन्या लगच्या पोटात नट धरून ठेवणारी स्प्रिंग असते. काठी बसली की ती झिणझिणते. टॉमच्या आत आवाज दाबायला बसवलेली फेल्टची गादी असते. तिची दांडी सैल झाली की कटकट करते. बेस ड्रमचे पाय, पाखरू-स्क्रू, आतला वायसर, बिल्ला, सगळं थरथरतं. एकाने ड्रम वाजवावा, दुसऱ्याने एकेका भागावर बोट दाबून धरावं. आवाज बंद झाला की चोर सापडला. लगच्या स्प्रिंगभोवती पातळ फेल्ट किंवा स्पंजचा तुकडा घालायला एका ड्रमला अर्धा-पाऊण तास लागतो. लेखकाच्या सेटवर सगळ्यांत मोठा फरक पडला तो या कामाने, आणि त्यात खोडाला हातही लागला नाही.

टॉमच्या स्टँडचीही एक सोपी परीक्षा आहे. त्या काळच्या कित्येक सेटांत टॉमचा सगळा भार खोडाला धरलेल्या एका ब्रॅकेटवर असतो, काहींत तर जाड पाइप टॉमच्या पोटात शिरतो. टॉम तिथून काढून स्नेअरच्या स्टँडवर अलगद ठेवावा आणि पुन्हा वाजवावा. सूर जास्त लांबला, तर ब्रॅकेट किती आवाज खातो ते समजलं. मग टॉम स्टँडवरच ठेवून वाजवावा, किंवा रिंगेला धरून टांगणारं ‘रिम्स’ पद्धतीचं कडं घ्यावं; त्यासाठी नवं भोक पाडावं लागत नाही. जुना ब्रॅकेट जपून ठेवावा.

पान आणि सोळा घरं

आपल्याकडे ढोल-ताशा पथकांत चामड्याला आणि फायबरलाही ‘पान’ म्हणतात. ड्रम सेटची पानं १९५७ च्या सुमारास बदलली. तोवर ती वासराच्या कातड्याची असत आणि पावसाळ्यात उतरत. त्या वर्षी रेमो बेली यांनी पॉलिएस्टरची पानं बाजारात आणली, जवळपास त्याच काळात चिक एव्हान्स यांचीही आली. साठच्या दशकातले जपानी सेट या प्लॅस्टिकच्या पानांसाठीच बांधलेले आहेत. म्हणजे आजची पानं त्यांना चालतात, प्रश्न असतो तो कुठली निवडायची हा.

लेखकाने आधी दोन थरांची, मध्ये तेल भरलेली जाड पानं लावली. दुकानात ऐकलेल्या सेटवर ती भारदस्त वाजत होती. लाउआनच्या पातळ खोडावर ती पुठ्ठ्यासारखी वाजली. खोड आधीच वरचे उपसूर शोषून घेणारं, त्यावर ते शोषणारं पान, मग मागे उरतं काय? नंतर एका थराची, पांढऱ्या लेपाची, १० मिलची पानं लावली. १० मिल म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. टॉमचा गळा मोकळा झाला. स्नेअरच्या खालच्या बाजूला मात्र ३ मिलच्या आसपासचं खास पातळ पानच हवं. तिथे वरचं पान लावलं तर तारा जाग्या होत नाहीत.

पान चढवताना ते खोडावर सहज फिरायला हवं. आवरणाचा जोड जिथे एकावर एक येतो तिथे जाडी वाढते आणि पान अडतं. रेटून बसवलं तर ते एका बाजूला टांगल्यासारखं राहतं आणि कितीही लावलं तरी सुरात येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पानांच्या कड्यांत बारीक फरक असतो. आधी दुसरं पान लावून पाहावं, आवरणाला कात्री सर्वांत शेवटी.

आता सूर लावणं. तबला लावणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हातोडी घेऊन तो सोळा घरं फिरतो, प्रत्येक घराशी किनार वाजवून पाहतो आणि जे घर उतरलं असेल ते चढवतो. ड्रमला सोळाऐवजी सहा किंवा आठ घरं, हातोडीऐवजी चावी. बोल्ट आधी बोटांनी आवळायचे, मग समोरासमोरच्या जोड्यांत अर्धा-अर्धा फेरा. पानाच्या सुरकुत्या गेल्या की रिंगेपासून इंचभर आत, प्रत्येक बोल्टसमोर काठीचं टोक टेकवून ऐकायचं. शेवटी पाव फेऱ्याहूनही कमी. एक बाजू लावताना ड्रम सतरंजीवर ठेवावा, म्हणजे दुसरं पान गप्प राहतं.

तबल्याशी तुलना इथवरच चालते, आणि त्याचं कारण आपल्याच एका शास्त्रज्ञाने शोधलं. सगळीकडे सारख्या जाडीचं गोल पान वाजवलं की मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा कंपनसंख्यांचे उपसूर निघतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसत्या पानाचा आवाज ‘धप्प’ येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ च्या निबंधात दाखवून दिलं की तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे हे उपसूर पूर्ण पटींत येतात आणि वाद्य सुरेल होतं.

टॉमला शाई नाही. त्याच्याजवळ आहेत दोन पानं आणि मध्ये कोंडलेली हवा. दोन्ही पानं एकाच सुरात असली तर नाद जास्त लांबतो. खालचं थोडं चढं ठेवलं तर नाद आटोपशीर होतो. खालचं पान काढून टाकून एकाच पानावर वाजवायची पद्धत सत्तरच्या दशकात फार बोकाळली होती, म्हणून कित्येक जुन्या सेटांच्या खालच्या रिंगा हरवलेल्या असतात. त्या मिळवून दोन्ही पानं लावली, तर वाद्य ओळखू येऊ नये इतकं बदलतं.

रिंगाही तपासाव्यात. सपाट फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबलं की डुगडुगणारी रिंग लगेच कळते. थोडी वाकलेली सरळ करता येते. फार वाकलेली असेल तरच बदलावी. जुन्या रिंगा साधारण १.६ मिलिमीटर पत्र्याच्या असतात, नव्या २.३ मिलिमीटरच्या सहज मिळतात. जाड रिंगेने आवाज कडक आणि टोकदार होतो, पण खोडाची ऊब जरा कमी होते. दोन्ही ऐकून ठरवावं.

काठाला हात लावायची वेळ

इतकं झाल्यावर बहुतेक सेट वाजू लागतात. तरीही एखादा टॉम कुठल्याच सुरावर स्थिरावत नसेल, तर मग काठ पाहावा. पान जिथे टेकतं तो काठ सगळीकडे एका पातळीत हवा. जाड काच किंवा ग्रॅनाइटची सपाट लादी घ्यावी, खोड त्यावर ठेवावं, आत टॉर्च, बाहेर अंधार. पोस्टकार्ड सरकेल इतकी फट दिसली तर काम आहे. केसभर उजेड दिसला तर सोडून द्यावं.

स्नेअरच्या खालच्या काठाला ही परीक्षा तशीच लावू नये. वरच्या काठाला लावावी. खालच्या काठावर तारांच्या टोकांशी येणारी फट ही तिथे असायलाच हवी. बाकीच्या भागात ती आहे का, एवढंच पाहायचं.

घासायचंच ठरलं तर आधी पेन्सिलीने काठावर सगळीकडे रेघ ओढावी. १५० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवून खोड पाच-सहा फेरे फिरवावं, उचलून पाहावं. रेघ जिथे पुसली तो उंच भाग, जिथे राहिली तो खोल. रेघ सगळीकडून जेमतेम पुसली की थांबावं आणि २२० नंबरने फिरवावं. यंत्राची घाई इथे नको. लेखकाच्या ओळखीतल्या एका वादकाने तीन थरांच्या जपानी टॉमचा गोलसर काठ राउटरने ४५ अंशांचा धारदार करून घेतला. नव्या अमेरिकी ड्रमसारखी टणक धार आली खरी, पण पातळ थराला आतल्या कड्यापाशी चिरा पडल्या आणि ज्यासाठी तो सेट घेतला होता तो गोल, मऊ सूर गेला. जुन्या ड्रमच्या गोलसर काठावर पान जास्त रुंदीत टेकतं, त्यामुळे वरचे उपसूर दबतात. तो काठ घडवणाऱ्याने असा निवडला होता.

लेखकाच्या स्नेअरचं पुढे काय झालं? मुंबईतल्या एका जुन्या वाद्यकारागिरापुढे तो ठेवला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “बाबा, हे कोणी केलं?” उत्तर ऐकल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी दुसरा एक लाकडी स्नेअर आणून शेजारी उपडा ठेवला, पट्टी लावून त्याच्या बेडची खोली आणि लांबी मोजून दाखवली. सगळ्यांत खोल जागी दीड मिलिमीटरही नव्हता. पण तो उतार एकदम पडत नव्हता, दोन्ही बाजूंना लांबवर चढत जात होता. मग अर्धगोल कानस घेऊन त्यांनी त्याच मापाचे बेड पुन्हा काढले. चार घाव, पट्टी, पुन्हा चार घाव. मध्ये तीनदा पान चढवून तारा लावल्या, वाजवून पाहिलं, पुन्हा उतरवलं. संध्याकाळ त्यातच गेली.

स्नेअर आता वाजतो. हळू वाजवलं तरी तारा उठतात. खोडाची उंची मात्र साधारण एक मिलिमीटरने कमी झाली आहे आणि काठाशी आवरण मागे कापावं लागलं, ती रेष दिसते.

पावसाळा आणि डिंक

कोकण-गोव्याच्या हवेत राहिलेल्या सेटला आणखी एक आजार होतो. जुना डिंक दमट हवेत हार मानतो आणि थर सुटतात. बोटाच्या पेराने खोडावर सगळीकडे टकटक करावं; जिथे पोकळ आवाज येतो तिथे थर सुटलेला. त्यात जाडसर सुई असलेल्या सिरिंजने लाकडाचा पांढरा डिंक भरावा. आतून-बाहेरून खोडाच्या गोलाईला जुळणारे लाकडी ठोकळे लावून शिकंज्याने दाबावं आणि एक दिवस हात लावू नये. ठोकळ्यांखाली प्लॅस्टिकचा कागद घालायला विसरू नये, नाहीतर तेच चिकटतात. हे काम पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी असताना करावं. खोड उन्हात वाळवायचा मोह टाळावा, एका बाजूने तापलं की ते पिळतं.

आतल्या बाजूला बुरशी असेल तर कोरड्या ब्रशने झाडून, जेमतेम ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवावं. आतून वॉर्निश मारल्याने आवाज सुधारतो असं सांगणारे भेटतील. ते वॉर्निश पुन्हा काढता येत नाही, तेव्हा इतर सगळं करून झाल्याशिवाय तो विचार करू नये.

बेस ड्रमसाठी पानाला आतून टेकणारी फेल्टची एक रुंद पट्टी बहुधा पुरते. पोटात उशा कोंबल्या की बावीस इंचांचा ड्रम पेटीसारखा वाजतो. समोरच्या पानावर मूळ नाव छापलेलं असेल तर माइकसाठी त्याला भोक पाडू नये. ते पान उतरवून सपाट ठेवावं आणि नवं लावून त्याला भोक पाडावं.

आणि एखाद्याच्या नशिबाने माळ्यावर स्टेन्सिल सेट न निघता तामाचा बर्च लाकडाचा सुपरस्टार किंवा ड्रमवादक स्टीव्ह गॅडच्या नावाशी जोडला गेलेला यामाहाचा रेकॉर्डिंग कस्टम निघाला, तर त्याने नवी पानं, स्वच्छ बोल्ट आणि सूर यांपुढे जाऊच नये. त्या खोडांच्या काठाला कुणी हौशी हात लावावा, असं तिथे काही नसतं.

गोव्याचे ते मूळ मालक आता वाजवत नाहीत. सेट दुरुस्त झाल्यावर लेखकाने त्यांना फोनवर टॉम वाजवून ऐकवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, की खालची पानं लावलीस ना?

फ्लोअर टॉमच्या आत, हवेच्या भोकाशेजारी, आता एक कागद चिकटवलेला आहे. पानं कुठली आणि कधी लावली, स्प्रिंगांना फेल्ट घातलं, मूळ रिंगा आणि ब्रॅकेट कुठल्या पिशवीत आहेत, आवरणावरचा धुरकट पट्टा कशाने पडला, असं सगळं त्यावर लिहिलंय. स्नेअरच्या ओळीत लिहिलंय: ‘खालचा काठ चुकून घासला, सुमारे एक मिलिमीटर. बेड पुन्हा काढले.’ त्याखाली पुढच्या माणसासाठी अर्धा कागद कोरा सोडला आहे.